हळदी उजेड

इचलकरंजीच्या विणकर कॉलनीत तीनशे चाळीस घरं आहेत आणि त्या सगळ्या घरांच्या वळचणीला पट्टी मारली ती एकट्या दिगंबर लायकरनं. हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. पुढे सांगायचा बंद झाला. तो का बंद झाला, तेच सांगायचंय.

पट्टी म्हणजे एलईडीची. पण दिवाळीला काढायची आणि तुळशीचं लग्न झालं की गुंडाळून माळ्यावर टाकायची, तसली नव्हे. ही कायमची. छपराच्या कडेखाली ॲल्युमिनियमचं चॅनल स्क्रूनं आवळायचं, त्यात पट्टी सरकवायची, वरून दुधी झाकण दाबायचं आणि सांधे सिलिकॉननं बुजवायचे. दिवसा बघितलं तर घराला काही लावलंय हे ओळखूही यायचं नाही. तिन्हीसांजेला ती आपोआप लागायची. गणपतीत केशरी, पंधरा ऑगस्टला तिरंगी, एरवी स्वच्छ पांढरी. पंधरा वर्षं हात लावायला नको.

शिवाय फुकट! आणि फुकट म्हटल्यावर आपली माणसं फार चौकशा करत नाहीत. तेजोरेखा नावाची कंपनी पट्टी बसवून द्यायची आणि बदल्यात त्याच कंपनीच्या ‘कवच’ नावाच्या आरोग्यविम्यात घर नोंदवायचं, एवढीच अट. पट्टी भिंतीवर आहे तोवर कवच चालू. पट्टी काढली की कवच संपलं.

दिगंबरनं पहिली पट्टी मारली ती स्वतःच्या घराला, आणि ती आईसाठी. हौसाबाईच्या हृदयाची एक झडप कडक होत चालली होती. चार पायऱ्या चढली की तिला धाप लागायची, ओठ काळे पडायचे. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा-आठ महिन्यांत झडप बदला, त्यापुढं मी काही बोलत नाही. असल्या ऑपरेशनची लायकरांची ऐपत नव्हती. कवचमधून झालं तर होणार, नाहीतर हरी हरी. फाईल गेली, यादीत एकशे बारावा नंबर लागला. नंबर वर सरकेल तशी तारीख मिळणार होती.

पट्टी मारली त्या दिवशी हौसाबाई खाली पायरीवर बसून वर बघत होती.

“दिग्या, सरळ हाय काय रं ती? लांबनं बघितलं तर लुगड्याचा काठ वाकडा विणल्यागत दिसालंय.”

“लेव्हल लावून मारलीय आई.”

“तुझ्या लेव्हलीला काय करायचंय? चाळीस वर्षं मागाच्या कांड्या भरल्यात मी. वाकडं मला झोपेत कळतंय.”

पट्टी खरंच डावीकडं बोटभर उतरली होती. शेजारच्या बाया खो खो हसल्या. त्या तिथं होत्याच, कारण हौसाबाई कधी एकटी बसलेली नसायचीच. दुपारी तीन ते सहा तिच्या पायरीवर जागा मिळायची नाही. कुणाची सून रुसलीय, कुणाचं बाळ दूध पीत नाही, कुणाच्या मागाचा आवाज बदललाय, सगळं तिथं यायचं आणि निम्मं तिथंच मिटायचं. कॉलनीतली अर्धी पोरं तिच्या मांडीवर न्हालेली. “माणूस आलं की मला दम लागत न्हाई,” असं ती म्हणायची आणि ते खरंही असावं.

आषाढात बापू होगाड्यांच्या घराची पट्टी पिवळी पडली. पिवळी म्हणजे भगभगीत नव्हे. हळद कालवलेल्या दुधासारखी, मऊ. दिगंबरला वाटलं पट्टी बिघडली. टेस्टर घेऊन तो शिडीवर चढला, पण बिघाड सापडेना. कंपनीला फोन लावला तर उत्तर आलं, ‘सेवा सुरळीत आहे, काही करू नका.’ नवव्या दिवशी बापू गेले. श्रावणात बुगड टेलरची आई गेली, तिच्याआधी अकरा दिवस तोच उजेड. दसऱ्यापर्यंत असली पाच घरं झाली. ‘आमच्याकडं हळद लग्नाआधी लागायची, आता ही कसली लागायला लागली!’ असं कुणीतरी चहाच्या गाड्यावर म्हणालं. एक जण हसला आणि लगेच गप्प बसला.

आता आपल्याकडं कुणाचं काही खरं नाही असं कळलं, की माणसं काय करतात? भेटून येतात. पावशेर द्राक्षं नाहीतर दोन नारळ घेऊन जायचं, उशाशी बसायचं, ‘बरं दिसताय की’ असं धडधडीत खोटं बोलायचं, अर्ध्या तासात उठायचं. पूर्वी ही बातमी कानोकानी जायची. आता ती छपराला लटकत होती. ज्या घराला हळदी उजेड, त्या घरापुढं सकाळपासून चपलांची रांग.

कार्तिकात कंपनीच्या इंजिनिअर शर्वाणी दामले पट्ट्या तपासायला आल्या. बाई सरळ होत्या, उन्हात गल्लीगल्ली हिंडल्या, वैजयंतानं दिलेलं ताक दोन वेळा मागून प्याल्या. वैजयंता म्हणजे दिगंबरची बायको. दिगंबरनं त्यांना पिवळ्याचं विचारलं, तेव्हा त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

“लायकर, पट्टीत हातभर अंतरावर एकेक चिप आहे. ती रेडिओसारख्या बारीक लहरी सोडते. विहिरीत हाक मारली की ती परत येते ना, तशा या लहरी दारा-खिडकीतून आत जाऊन माणसाला लागून परत येतात. श्वास घेताना छाती चार-पाच मिलिमीटर हलते. हृदयाच्या ठोक्यानं त्याहून खूप कमी, पण हलतेच. परत आलेल्या लहरीत तेवढा फरक पडतो. त्यावरून घरात किती माणसं, कुणाचा श्वास कसा, कुणाची चाल कशी, हे सगळं कळतं. अठरा फुटांपर्यंत. कॅमेरा नाही, माईक नाही.”

“आणि माणूस जाणार हे कसं कळतं?”

“तीन लाख घरांच्या दोन वर्षांच्या नोंदी आम्ही यंत्राला दिल्या. कुठल्या घरात कोण कधी वारलं तेही दिलं. त्याला म्हटलं, आधी काय काय दिसतं ते तूच शोध. त्यानं शोधलं. नक्की काय बघून ठरवतं ते आम्ही त्याला शिकवलेलं नाही. पण शंभरातली अठ्ठ्याऐंशी घरं बरोबर येतात.”

“मग पिवळं कशाला करता, मॅडम?”

“निळ्या उजेडानं मेंदूला दिवस आहे असं वाटतं, झोप येत नाही. माणूस शेवटाला आलेल्या घराच्या उजेडातला निळा भाग यंत्र काढून घेतं. उरतो तो पिवळा. खिडकीतून आत जाणाऱ्या उजेडात त्याला शांत झोप लागावी, एवढंच.”

“अहो, पण पट्टी बाहेर आहे. अख्खी गल्ली बघते.”

शर्वाणीबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. “हा विचार आमच्या टीममध्ये कुणी केला नाही,” त्या म्हणाल्या.

“आणि पिवळ्या घरातली ऑपरेशनची फाईल?”

“ती मागे जाते. ज्याला उपयोग होणार त्याला आधी. वाईट वाटून घेऊ नका, पण कुठल्याही यादीत हेच होतं.”

दिगंबरनं मान हलवली. तेव्हा त्याला ते पटलंसुद्धा होतं. दुसऱ्याच्या फाईलीबद्दल माणसाला बऱ्याच गोष्टी पटतात.

त्याच महिन्यात हौसाबाईला दोन दिवस तपासण्यांना कोल्हापूरला ठेवलं. रिपोर्ट होते तसेच आले. डॉक्टर म्हणाले, अजून चार महिने निघतील, घाबरू नका. ती घरी आली आणि कॉलनी लोटली. दोघी-दोघी, तिघी-तिघी, सकाळ-दुपार. आठव्या दिवशी तिन्हीसांजेला दिगंबर कामावरून आला आणि फाटकातच थबकला. त्याच्या घराच्या कडेला पांढऱ्यात पिवळ्याची झाक होती. मोबाईलवर बघितलं तर एक्केचाळीसवर आलेली फाईल दोनशे साठवर गेली होती.

तो धावतच आत गेला. आई तर आत बसून वैजयंताला मेथी निवडण्यावरून बोलत होती.

झाक दिसताच आणखी माणसं आली. चार दिवसांत उजेड गडद झाला.  आणि अशात एक विचित्र गोष्ट घडली. पलीकडच्या गल्लीतले मुल्ला सर हजहून परत आले. पन्नाशीचा गडी, रोज सकाळी बॅडमिंटन खेळणारा, गालावर लाली. पाचव्या दिवशी त्यांची पट्टी हळदीसारखी पिवळीधमक! भाभींनी रडून घर डोक्यावर घेतलं. सरांच्या तपासण्या झाल्या. काही नाही, ठणठणीत.

दिगंबर रात्रभर नाही, पण सबंध रविवार त्यावर विचार करत बसला. पट्टी बसवणाऱ्याला नोंदी बघायची परवानगी असते. त्यानं लॅपटॉपवर मुल्ला सरांच्या घराची नोंद उघडली, शेजारी स्वतःच्या घराची. कुठल्या गोष्टीनं किती फरक पडला, याचे आकडे ओळीनं होते. श्वास किरकोळ. ठोके किरकोळ. सगळ्यात मोठा आकडा एका भलत्याच ओळीपुढं होता. घराबाहेरच्या माणसांची पावलं, जोडीनं येणारी, वीस ते तीस मिनिटं बसून परत जाणारी.

बघा म्हणजे झालं! मुल्ला सरांना भेटायला लोक आले होते. हाजी परत आला की लोक येतात, झमझमचं पाणी पितात, खजूर घेतात, गळाभेट करतात, जातात. यंत्राला त्यातलं काय कळणार? तीन लाख घरांत त्यानं एवढंच पाहिलं होतं, की माणूस जायच्या आधी दारात पावलं वाढतात. लग्नात झुंडीनं येतात, पोरं धावतात, ते वेगळं. शांतपणे दोघं-दोघं येतात, तिथं मरण. रोगाला बघण्यापेक्षा रोग्याला बघायला येणाऱ्यांना बघणं त्याला सोपं गेलं होतं. आणि पिवळं दिसलं की माणसं आणखी यायची, माणसं आली की आणखी पिवळं व्हायचं.

दिगंबरला आधी हसू आलं. मग त्यानं शर्वाणीबाईंना फोन लावला. त्यांनी सगळे आकडे त्याच्याकडून वाचून घेतले.

“तुम्ही म्हणता ते बरोबर असणार,” शेवटी त्या म्हणाल्या. “मी वर कळवते. पण लायकर, अठ्ठ्याऐंशी टक्के बरोबर येणारं यंत्र कुणी लगेच उघडत नाही. सुधारणा पुढच्या आवृत्तीत होईल. दीड वर्ष धरा.”

“माझ्या आईकडं चार महिने आहेत.”

“मला माफ करा,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. पण वाईट वाटल्यानं यादी हलत नाही.

दुसऱ्या दिवसापासून दिगंबरनं दार बंद केलं. फाटकाला साखळी घातली. डॉक्टरांनी सांगितलंय, जंतुसंसर्ग होईल, महिनाभर कुणी यायचं नाही, अशी थाप मारली. गल्लीला मारली आणि आईलाही मारली. आईला खरं सांगितलं असतं तर तिनं ऑपरेशन गेलं खड्ड्यात म्हणून फाटक स्वतः उघडलं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

“हे बरं नव्हे हो,” वैजयंता चुलीपाशी हळू आवाजात म्हणाली. “आत्तींना माणसांशिवाय करमत नाही. सुकत चालल्यात त्या.”

“सुकू दे महिनाभर. मेल्यावर काय टवटवीत ठेवायचीय?”

असं बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. तव्यावरची भाकरी करपली.

बाराव्या दिवशी पट्टी पांढरी झाली. फाईल अडतीसवर आली. त्या आनंदात दिगंबरनं पेढे आणले आणि ते तिघांनीच खाल्ले.

मालनमावशी आली ती याच दिवसांत. हौसाबाईची धाकटी बहीण, शिरोळची. दुपारची वेळ होती. दिगंबर चौकातल्या विजेच्या डांबावर वायर ओढत होता, तर रिक्षातून मावशी उतरताना दिसली. हातात कापडी पिशवी, तोंड ओढलेलं. तो खाली उतरून धावतच गेला. घरापासून साठ-सत्तर फुटांवर त्यानं तिला गाठलं.

“मावशी, आज नको. आईला कुणाला भेटू देत नाहीत.”

“मी कुणी हाय व्हय रं?” मावशी हसली. “लांबनं बघते. दाराशी बसते. अक्काशी जरा बोलायचं हाय मला.”

“फोनवर बोल की.”

“फोनवर बोलायचं न्हाई त्ये.”

दिगंबरनं मनातल्या मनात हिशेब केला. मावशी एकदा आली की चार दिवस येणार. मावशी आली कळल्यावर होगाडे वहिनी येणार, बुगडबाई येणार. नको. एका माणसानं सुरुवात झाली की संपलं.

“मावशी, तुझ्या पाया पडतो. तिचं ऑपरेशन होऊ दे, मी स्वतः गाडी घेऊन तुला न्यायला येतो. आणि तू आली होतीस हे तिला सांगू नकोस. जिवाला लावून घेईल. माझी शपथ आहे.”

मालनमावशी त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं पिशवी त्याच्या हातात दिली. आत शेंगदाण्याची चटणी आणि चार भाकऱ्या होत्या. “अक्काला म्हणावं, बाजारात मिळाली,” ती म्हणाली आणि त्याच रिक्षात बसून परत गेली. चटणी हौसाबाईनं चाखली आणि म्हणाली, “मालनच्या हातच्यागत हाय की रं.” दिगंबरनं पाण्याचा तांब्या भरायचं निमित्त केलं.

गुपित असं ते राहिलं नाही. कवड्यांच्या पोराची किडनीची फाईल अडकली होती, कवडे रडत आला, तेव्हा दिगंबरला राहवलं नाही. चांगुलपणानंच सांगितलं त्यानं. कवड्यानं मेहुण्याला सांगितलं, मेहुण्यानं ग्रुपवर टाकलं. फाईल कुणाची नव्हती? आज नाही तर उद्या लागणारच होती. आठवड्याभरात तीनशे चाळीस फाटकांना कड्या लागल्या. हळदीकुंकू बंद, उसनी साखर बंद, ‘काय करताय, आत येऊ का’ बंद. माणसं रस्त्याच्या मधोमध उभी राहून बोलायची आणि बोलता बोलता छपराकडं बघायची. तिन्हीसांजेला सगळ्या पट्ट्या एकदम लागायच्या, एकजात पांढऱ्या, आणि त्या लखलखाटात एकाही पायरीवर माणूस नसायचं. मरणं काही थांबली नव्हती. माणसं जात होतीच, फक्त पांढऱ्या उजेडात जात होती. ऊर बडवल्याचा आवाज आला की मगच शेजारी कळायचं.

हौसाबाई खिडकीशी बसायची. बोलणं कमी झालं होतं. एक दिवस तिनं विचारलं, “दिगू, माझं कुणाचं काय चुकलं का रं? जंतूबिंतू ठीक. पण रस्त्यावरनं हाकसुद्धा कुणी मारत न्हाई. होगाड्याच्या पोरीला मी तीन रात्री मांडीवर घेऊन बसले होते, ती मान खाली घालून जाती. मालन फोन उचलती आणि बरं हाय म्हणून ठेवती.”

“सगळे कामात असतात आई.”

“व्हय,” ती म्हणाली. “एकदम समदेच कामाला लागले.”

तारीख आली. पौषातली, सोमवारची. शुक्रवारी सकाळी शिरोळहून बाबासोचा, मालनमावशीच्या मुलाचा, फोन आला. आई गेली. पहाटे.

दिगंबर परसात उभा होता, त्यानं तिथूनच बायकोला हाक मारली. वैजयंता धावत आली. तिला सांगितलं तर तिनं पदर तोंडात कोंबला.

“आत्तींना सांगा. त्यांची पाठची बहीण आहे.”

“सांगितलं तर ती शिरोळला जाणार. तिथं रडून हिचं हृदय बंद पडलं तर? आणि परत आल्यावर दुखवट्याला गावोगावचे पाहुणे येतील. पट्टी सोमवारपर्यंत पांढरी राहायला पाहिजे. तीन दिवस, वैजू. तीन दिवस गप्प बस.”

“तुम्ही तरी जाऊन खांदा द्या.”

“मी गेलो तर आईला काय सांगू?”

तो गेला नाही. शनिवारी आईची पिशवी भरली, रविवारी तिला कोल्हापूरला नेलं, सोमवारी ऑपरेशन झालं. छान झालं. डॉक्टर स्वतः बाहेर येऊन पाठीवर थाप मारून गेले. आठवड्यानं हौसाबाई जिन्याच्या दहा पायऱ्या न थांबता चढली. वर पोचून तिनं पहिलं वाक्य काय म्हणावं? “मालनला फोन लाव. म्हणावं, तुझी बहीण हरणीगत चढाय लागली.”

तीन आठवड्यांनी डॉक्टरांना विचारून दिगंबरनं तिला सांगितलं. मावशी गेली, एवढंच. बाकीचं गिळलं. हौसाबाई मोठ्यानं रडली नाही. कधी, म्हणून विचारलं. त्यानं तारीख सांगितली. तिनं बोटं मोजली, ऑपरेशनच्या आधीचा शुक्रवार तिच्या लक्षात आला, आणि ती भिंतीकडं तोंड करून झोपली. कॉलनीतलं कुणी भेटायला आलं नाही. एका दुपारी ती स्वतःच वाटीत खीर घेऊन होगाड्यांकडं गेली. होगाड्यांच्या सुनेनं फाटकाआडूनच हात जोडले. “हौसाक्का, आत नका येऊ हो. आमची फाईल हाय.” ती खीर घेऊन परत आली.

“मला शिरोळला न्हे,” ती म्हणाली. “आत्ता.”

बाबासोचं घर गावाच्या कडेला, नवीन बांधलेलं. रिक्षा थांबली तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. घराच्या कडेला पट्टी होती, पांढरी. दिगंबरनं सवयीनं बघितलं. काम बरं केलं होतं कुणीतरी. हौसाबाईनं फाटकाच्या कडीला हात घातला, तेवढ्यात बाबासो आतून पळत आला आणि त्यानं कडी आतून धरली.

“मावशी, रागावू नको. घरात यायचं न्हाई.”

“अरं, मी हाय.”

“म्हाईत हाय. तुझ्या सुनेला, प्रज्ञाला आठवा हाय, पोटातल्या लेकराच्या काळजाला भोक हाय. जन्मल्या जन्मल्या ऑपरेशन करायचंय. फाईल वीसवर आलीय. तुला सांगून उपयोग न्हाई, दिगूदादाला समदं म्हाईत हाय. त्यानंच तर हे हुडकलं...” तो अडखळला. “आईचं दिवसकार्यसुद्धा आम्ही चौघांनीच नदीवर उरकलं.”

हौसाबाई दिगंबरकडं वळली. “तुला काय म्हाईत हाय?”

दिगंबर रिक्षावाल्याचे पैसे मोजायला लागला. बाबासोच बोलत राहिला. त्या पोराचंही महिनाभर कुणी ऐकून घेतलं नव्हतं, ते सगळं एकदम बाहेर आलं.

“आईच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी सांगितलं तशी पहिली तुझ्याकडंच निघाली. अक्काला सांगते, अक्का म्हणंल तसं करू. तुमच्या चौकातनं परत आली. कोण काय म्हणालं, ते सांगेना. शपथ हाय म्हणाली. तवापास्नं दवाखान्याचं नाव काढू देत नव्हती. मावशी, तू घरात हुतीस का त्या दिवशी?”

“कवा?”

“मार्गशीर्षातली अमावस्या.”

 हौसाबाईला चटणीचा घास आठवला असावा, कारण तिचा हात तोंडापाशी गेला. दिगंबरला वाटलं, आता ही आपल्याला मारेल. मारावं असं त्याला मनापासून वाटलं. पण ती फक्त फाटकाच्या बाजूला, रस्त्याच्या कडेच्या दगडावर हळूहळू खाली बसली, आणि तिचे खांदे हलायला लागले.

“मावशी,” बाबासो कळवळून म्हणाला, “जरा पलीकडं सरक गं. पट्टीच्या टप्प्यात बसलीयस.”

दिगंबर पुढं झाला. आईला काखेत धरून त्यानं उठवलं, वर छपराकडं बघितलं, खाली रस्त्याकडं बघितलं. हे त्याचं कामच होतं, नजर आपोआप अठरा फूट मोजत होती.

“अजून दोन पावलं, आई,” तो म्हणाला.

हौसाबाई दोन पावलं सरकली. रस्त्यावर मधोमध उभी राहिली. बहिणीच्या घराकडं तोंड करून तिनं पदर सारखा केला, आणि मग मुलाला विचारलं,

“हितनं रडलं तर चालंल का रं?”

दिगंबरनं अंतर पुन्हा एकदा डोळ्यानं मोजलं आणि म्हणाला, “चालेल.”